ब्लॉक का उरला, यावरून त्याचे काय करायचे ते ठरते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या क्विल्टमधून, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेल्या पांघरुणांमधून, मागे राहिलेले २० ब्लॉक (तुकडे जोडून केलेले चौकोन) आपल्याकडे साठले आहेत. त्यांपैकी ५ ब्लॉक १२ इंचांचे, ६ ब्लॉक ९ इंचांचे, ६ ब्लॉक ६ इंचांचे आणि उरलेले ३ ब्लॉक १० इंचांच्या आसपासचे, म्हणजे कोणत्याच मापात न बसणारे आहेत. रंग एकमेकांशी जुळत नाहीत, टाकून देण्याचे मन होत नाही, आणि हे सगळे ब्लॉक एकाच क्विल्टमध्ये कसे बसवावेत, असे आपण विचारले आहे.

वरवर पाहता हा मापांचा आणि रंगांचा प्रश्न वाटतो, आणि त्या दोन्हींकडे मी पुढे येणारच आहे. परंतु खरी अडचण ‘सगळे’ आणि ‘एकाच’ या दोन शब्दांत आहे, असे मला वाटते. सुरुवातीच्या काळात मीही हाच हट्ट धरला होता. साठलेले ३० हून अधिक ब्लॉक एका पांघरुणात बसवायचेच, असे ठरवून मी दोन महिने शिवत राहिले. जे तयार झाले त्याला मधोमध झोळ होता, नजर कुठेच ठरत नव्हती आणि पहिल्याच धुण्यात एका लाल ब्लॉकचा रंग शेजारच्या तीन ब्लॉकवर उतरला. पुढे ते पांघरूण उसवायला घेतले तेव्हा लक्षात आले, की बिघाड करणारे ब्लॉक मोजून चारच होते, आणि त्या चारही ब्लॉकना ज्या कारणासाठी मी मूळ क्विल्टमधून बाजूला काढले होते, नेमके तेच कारण येथेही नडले होते.

म्हणून आता साठवणीची पेटी उघडली, की प्रत्येक ब्लॉक हातात घेऊन मी पहिला प्रश्न विचारते तो हा, की हा का उरला? हिशेब चुकल्यामुळे किंवा मांडणी बदलल्यामुळे जास्तीचा शिवला गेलेला ब्लॉक निर्दोष असतो आणि तो कुठेही चालतो. नमुना म्हणून शिवून पाहिलेला आणि रंग न पटल्यामुळे बाजूला ठेवलेला ब्लॉकही बहुधा निर्दोषच असतो, कारण तो रंग त्या क्विल्टमध्ये पटला नव्हता, एवढेच त्यातून सिद्ध होते. माप चुकल्यामुळे उरलेला ब्लॉक मात्र दुरुस्तीशिवाय इतरांच्या शेजारी बसवू नये. ज्याचा आपल्याला कंटाळा आला, म्हणून ज्याची पुढची भावंडे शिवलीच गेली नाहीत, तो ब्लॉक कापून नवा करण्यास सर्वांत योग्य असतो. दुसऱ्या कोणाकडून आलेल्या ब्लॉकचे कापड आणि शिलाई या दोन्हींबाबत आपल्याला काहीच माहीत नसते, त्यामुळे त्याची तपासणी अधिक कडक ठेवावी लागते.

कारण आठवत नसेल, तर ब्लॉक उलटा करावा. दर्शनी बाजूपेक्षा उलटी बाजू अधिक खरे बोलते. शिवणीची माया, म्हणजे शिवणीबाहेर कडेला सोडलेले कापड, सगळीकडे पाव इंच आहे का, कुठे ती अर्ध्यावर आली आहे का, टाके सैल आहेत का, कडेला दशा निघाल्या आहेत का, हे तेथे एका नजरेत दिसते. माया जेथे पाव इंचाच्या निम्म्याहूनही कमी उरली आहे, ती शिवण वापरात आणि धुण्यात आज ना उद्या सुटणार, असे धरून चालावे आणि ती आत्ताच उसवून पुन्हा घालावी. क्विल्टचे तीनही थर, म्हणजे दर्शनी भाग, मधले भरण (बॅटिंग) आणि अस्तर, एकदा एकत्र शिवून झाले, की आतली सुटलेली शिवण दुरुस्त करणे फार जिकिरीचे होते.

यानंतर रंगाची परीक्षा. पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ओला करून पिळावा, तो लाल, गडद निळ्या, जांभळ्या आणि काळ्या तुकड्यांवर ठेवून वरून गरम इस्त्री दाबावी, आणि पांढऱ्या तुकड्यावर रंग उतरतो का ते पाहावे. रंग उतरला, तर तो ब्लॉक फिकट ब्लॉकच्या संगतीत जाऊ नये. सुटा ब्लॉक यंत्रात धुण्याचा मोह टाळावा, कारण चारही कडांच्या दशा निघतात, पाव इंचाची माया तेवढ्यातच संपते आणि तिरके कापलेले तुकडे ताणले जातात. धुणे अगदी अटळ असेल, तर पसरट भांड्यात थंड पाण्यात हाताने बुचकळावा, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि सपाट वाळवावा. कापडाचा प्रकारही याच वेळी पाहून घ्यावा. सुती ब्लॉकमध्ये एखादा तुकडा कृत्रिम धाग्याचा असेल, तर सुती कापडासाठी तापवलेल्या इस्त्रीखाली तो आक्रसतो किंवा चकाकतो. असा ब्लॉक वाईट नसतो, पण तो वेगळा ठेवलेला बरा.

आता मापांकडे येते, कारण बहुतेकांची गाडी येथेच अडते. आपण दिलेली १२, ९ आणि ६ ही मापे तयार मापे, म्हणजे क्विल्टमध्ये शिवून झाल्यावर दिसणारी मापे, आहेत, असे मी गृहीत धरते. म्हणजे चारही बाजूंची माया धरून कच्चे माप अनुक्रमे १२.५, ९.५ आणि ६.५ इंच असेल. कृपया मोजपट्टी लावून हे एकदा पाहून घ्यावे, कारण कच्चे आणि तयार माप यांच्या गोंधळातून जेवढे कापड वाया गेलेले मी पाहिले आहे, तेवढे इतर कोणत्याही चुकीतून गेलेले नाही. सुदैवाने १२, ९ आणि ६ या तिन्ही संख्यांना ३ ने भाग जातो. त्यामुळे ३ इंच हे मूळ एकक धरले, तर आपले १७ ब्लॉक एकमेकांशी गणिताने जुळतातच. ६ इंचांचे चार ब्लॉक दोन-दोनच्या जोडीने शिवले, की १२ इंचांचा एक ब्लॉक होतो. ९ इंचांच्या ब्लॉकला लगतच्या दोन बाजूंना ३.५ इंच रुंदीची पट्टी लावली, एक ९.५ इंच लांब आणि दुसरी १२.५ इंच लांब, की तोही १२ इंचांचा होतो आणि मूळ ब्लॉक एका कोपऱ्यात सरकलेला दिसतो. हा कोपरा दर वेळी बदलला, तर एरवी साचेबद्ध दिसणाऱ्या मांडणीत थोडी हालचाल येते. ब्लॉक मधोमधच हवा असेल, तर चारही बाजूंना पट्टी लावावी. २ इंचांच्या पट्टीने हिशेब काटेकोर जुळतो; तरीही मी सव्वादोन इंचांची पट्टी कापते, म्हणजे शिवल्यावर ब्लॉक १३ इंचांचा होतो आणि चारही बाजूंनी पाव-पाव इंच कातरून तो अचूक १२.५ इंचांवर आणता येतो. शिवणाऱ्याचा हात कितीही स्थिर असला, तरी कातरण्यासाठी थोडे कापड हाताशी असणे मला काटेकोर हिशेबापेक्षा नेहमीच अधिक भरवशाचे वाटत आले आहे.

१० इंचांच्या आसपासच्या तीन ब्लॉकना हीच युक्ती लागू पडते, फक्त त्यात एक खाच आहे. असा ब्लॉक टेबलावर पसरून हाताने हलकेच दाबावा. तो सपाट बसत असेल, तर काळजी नाही. मध्यभाग फुगत असेल, तर बाहेरची कड आखूड पडली आहे, म्हणजे कुठेतरी माया जास्त घेतली गेली आहे. ती शिवण शोधून उसवणे हाच उपाय आहे. कडा लहरत असतील, तर त्या ताणल्या गेल्या आहेत, आणि कडेला उरेब, म्हणजे धाग्याला तिरके, कापलेले तुकडे असले, की हे हमखास होते. लहरणाऱ्या ब्लॉकला पट्टी लावताना पट्टीची लांबी कडेच्या मापाने कापू नये, तर ब्लॉकच्या मध्यातून घेतलेल्या मापाने कापावी. दोन्ही टोके आणि मध्य टाचून घ्यावेत आणि शिवताना ब्लॉक खाली, पट्टी वर असे ठेवावे. यंत्राचे दाते खालचे कापड किंचित अधिक वेगाने पुढे ओढतात, त्यामुळे जास्तीची कड शिवणीत मुरून जाते आणि चुणी पडत नाही. समोरासमोरच्या दोन बाजू आधी शिवून त्यांवर इस्त्री करावी आणि मगच उरलेल्या दोन बाजू शिवाव्यात. समजा ब्लॉक मध्यातून कच्चा पावणेदहा इंच भरला. त्याला चारही बाजूंनी २ इंचांच्या पट्ट्या लावल्या, तर तो पावणेतेरा इंचांचा होतो आणि मोजपट्टी मध्यावर धरून त्याला १२.५ इंचांवर आणता येते. ब्लॉक सव्वादहा इंचांचा असला, तरी त्याच पट्ट्या पुरतात, फक्त कातरण थोडे जास्त निघते. तिन्ही ब्लॉक वेगवेगळ्या मापांचे असूनही एकाच मापावर येतात आणि फरक पट्टीच्या रुंदीत लपतो.

‘मोठा ब्लॉक सरळ कापून लहान का करू नये?’ असे कोणी विचारेल. कडेला टोके येत नसतील, म्हणजे साध्या चौकोनांचा किंवा पट्ट्यांचा ब्लॉक असेल, तर अवश्य कापावा. ताऱ्यासारख्या नमुन्यात मात्र प्रत्येक टोक कडेपासून बरोबर पाव इंचावर थांबलेले असते आणि थोडे जरी कातरले, तरी शिवणीत ती टोके बोथट होतात. अशा ब्लॉकला वाढवावे, कापू नये.

रंगांबाबत परिस्थितीवर बरेच अवलंबून आहे आणि आपले ब्लॉक न पाहता मी ठाम सांगणे योग्य होणार नाही. तरी अनुभवातून एवढे सांगते, की रंग न जुळण्यापेक्षा गडद-फिकटपणा न जुळणे नजरेला जास्त खुपते. सगळे ब्लॉक जमिनीवर मांडून त्यांचे छायाचित्र फोनवर काढावे आणि ते कृष्णधवल करून पाहावे. ज्या ब्लॉककडे नजर पुन्हा पुन्हा ओढली जाते, तो इतरांपेक्षा फार गडद किंवा फार उजळ आहे, असे समजावे. तो एकटाच असेल, तर बाजूला काढावा. तसे दोन-तीन असतील, तर ते एकमेकांपासून दूर, त्रिकोणात बसतील असे ठेवावेत. उरलेल्यांना एकत्र बांधण्याचे काम ब्लॉकच्या मधल्या पट्ट्या करतात. या सगळ्या पट्ट्या एकाच कापडाच्या असाव्यात, हा माझा जवळजवळ न मोडलेला नियम आहे, कारण जेथे ब्लॉक एकमेकांसारखे नाहीत, तेथे काहीतरी एक सतत पुन्हा पुन्हा यावे लागते. माप वाढवण्यासाठी लावलेल्या पट्ट्या मात्र ब्लॉकच्याच रंगातून निवडाव्यात, म्हणजे त्या ब्लॉकचा भाग वाटतात. दोन्हीकडे एकच कापड वापरले, तर १२ इंचांचे ब्लॉक मोठे आणि वाढवलेले ब्लॉक पाण्यात तरंगणारे दिसतात. कधीकधी तोच परिणाम हवा असतो, हेही खरे.

आता आपल्या २० ब्लॉकचा प्रत्यक्ष हिशेब मांडते. १२ इंचांचे ४, वाढवलेले ९ इंचांचे ५, वाढवलेले १० इंचांचे २, आणि ६ इंचांच्या चार ब्लॉकचा मिळून १, असे १२ इंचांचे १२ ब्लॉक तयार होतात. ते तीन स्तंभ आणि चार ओळींत मांडून मध्ये आणि बाहेरून २ इंचांच्या तयार पट्ट्या घातल्या, तर ४४ इंच रुंद आणि ५८ इंच लांब असे पायांवर घेण्याजोगे पांघरूण होते. त्यासाठी २.५ इंच रुंद आणि १२.५ इंच लांब अशा ३१ पट्ट्या आणि त्यांच्या सांध्यांवर बसणारे २.५ इंचांचे २० चौकोन लागतात. ४२ इंच पन्ह्याच्या कापडातून एका आडव्या कापात तीन पट्ट्या निघतात, म्हणजे ११ आडवे काप, मिळून सुमारे २८ इंच कापड. थोडे जास्तच घ्यावे. सांध्यांवरचे चौकोन ऐच्छिक वाटतात, पण मी ते नेहमी घालते, कारण त्यांच्यामुळे प्रत्येक ओळ खालच्या ओळीशी कुठे जुळली पाहिजे, हे शिवतानाच कळत जाते.

या मांडणीत १५ मूळ ब्लॉक लागले आणि ५ बाहेर राहिले. तपासणीत नापास झालेले किंवा नजरेला खुपणारे ब्लॉक बाहेर जाण्यासाठीच ही जागा मी मुद्दाम ठेवली आहे. नापास ब्लॉक कोणते ठरतील त्याप्रमाणे आकडे थोडे बदलतील, पण त्या पाचांसाठी चांगल्या वाटा आहेत.

माझी आवडती वाट म्हणजे अस्तर. ४४ गुणिले ५८ इंचांच्या क्विल्टला प्रत्येक बाजूने ४ इंच जास्त, म्हणजे ५२ गुणिले ६६ इंचांचे अस्तर लागते, आणि ४२ इंच पन्ह्याचे कापड रुंदीला पुरत नाही. म्हणजे जोड द्यावाच लागणार. तेव्हा उरलेले निर्दोष ब्लॉक साध्या कापडाच्या तुकड्यांसह एकाखाली एक जोडून १२.५ इंच रुंदीचा उभा पट्टा करावा, अस्तराचे कापड उभे कापून तो मध्ये घालावा, म्हणजे दोन शिवणींची माया वजा जाऊन ५३.५ इंच रुंदी मिळते. पट्टा अगदी मधोमध न घालता एका बाजूला सरकवावा, कारण दर्शनी भागाचा मध्य आणि अस्तराचा मध्य हे तीन थर पसरताना नेमके जुळत नाहीत आणि तो फरक लगेच दिसतो. हाताने धावदोरा घालणाऱ्यांनी मात्र ही वाट विचार करून निवडावी. दोन्ही बाजूंच्या शिवणी एकावर एक आल्या, की सुई चालवणे बोटांना शिक्षा होते.

१२ इंचांचा एखादा ब्लॉक वाचला, तर त्याला चारही बाजूंनी २.५ इंचांची पट्टी लावून १६ इंचांच्या उशीचा अभ्रा होतो. मागच्या बाजूला १६.५ इंच लांब आणि १२ इंच रुंद असे दोन तुकडे घ्यावेत, प्रत्येकाची एक लांब कड अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून शिवावी आणि ते एकमेकांवर चढवून लावावेत. साडेपाच इंचांचा चढ मिळतो आणि चेन किंवा बटणे लागत नाहीत. तीन ब्लॉक वाचले, तर ते टोकावर उभे करून टेबलावरची लांब पट्टी करता येते. १२ इंचांच्या ब्लॉकचा कर्ण सुमारे १७ इंच असल्यामुळे पट्टी १७ गुणिले ५१ इंचांची होते. मधल्या जागा भरणारे चार मोठे त्रिकोण १८.५ इंचांच्या एका चौकोनाला दोन्ही कर्णांवर कापून मिळतात, आणि टोकांचे चार लहान त्रिकोण ९.५ इंचांचे दोन चौकोन एकेका कर्णावर कापून मिळतात. ही मापे गरजेपेक्षा किंचित मोठी आहेत, ती शेवटी कातरून सरळ करावीत. चौकोन वेगवेगळ्या पद्धतीने कापण्याचे कारण असे, की दोन्ही ठिकाणी बाहेरची कड कापडाच्या सरळ धाग्यावर यावी. ती उरेब आली, तर पट्टी टेबलावर कधीच सपाट बसत नाही.

कंटाळा आलेल्या ब्लॉकविषयी वर लिहिलेच आहे. नऊ चौकोनांचा साधा ब्लॉक उभा आणि आडवा मधोमध कापून चार तुकडे करावेत, समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन तुकडे अर्धा फेरा फिरवावेत आणि पुन्हा जोडावेत. मूळ नमुना ओळखूही येत नाही. नव्या शिवणींमुळे ब्लॉक अर्ध्या इंचाने लहान होतो, म्हणजे १२.५ इंचांचा कच्चा ब्लॉक १२ इंचांवर येतो, हे ध्यानात ठेवून त्याला पुन्हा पट्टी लावावी लागते. ६ इंचांचा एखादा ब्लॉक अस्तराच्या कोपऱ्यात नाव आणि वर्ष लिहिण्यासाठी लावावा. आणि जो ब्लॉक कशानेच सरळ होत नाही, तो टाकू नये, पण जपूही नये. त्याखाली बॅटिंग आणि अस्तराचा तुकडा घालून क्विल्टिंग सुरू करण्यापूर्वी धाग्याचा ताण, टाक्याची लांबी आणि नव्या सुईची चाल त्यावर पाहून घ्यावी. माझ्या यंत्राशेजारी असा एक तरी ब्लॉक नेहमी असतो, आणि त्याने माझे उसवण्याचे बरेच तास वाचवले आहेत.

एवढे करूनही एखाद-दुसरा ब्लॉक राहिला, तर तो नमुना म्हणून ठेवण्यात काहीच गैर नाही. छापील नमुने सहज मिळत नव्हते, त्या १९व्या शतकात अमेरिकेतल्या क्विल्ट शिवणाऱ्या स्त्रिया नवा नमुना पाहिला, की त्याचा एकच ब्लॉक शिवून जवळ ठेवत असत आणि गरजेच्या वेळी त्यावरून मापे घेत. ठेवताना ब्लॉकची घडी घालू नये, कारण घडीची रेघ पुढे इस्त्रीनेही पूर्ण जात नाही आणि तेथेच रंग विटतो. सपाट ठेवावा, उन्हापासून दूर ठेवावा आणि त्याला एक चिठ्ठी टाचावी, जिच्यावर कच्चे माप, कापड आधी धुतले होते की नाही, रंग उतरला की नाही आणि तो का उरला, एवढ्या चार गोष्टी लिहिलेल्या असतील. टाचणी मात्र गंज न धरणारी घ्यावी. माझ्या एका फिकट ब्लॉकच्या मधोमध टाचणीच्या गंजाचा डाग आजही आहे.